दोन मणक्यांमधली जागा

“रोवण्याले वाकतेस का नाई? बस, तशीच वाक.”

ऑपरेशनच्या टेबलावर पाय सोडून बसलेल्या बाईला आमचे भुलीचे डॉक्टर एवढंच सांगायचे. बाईच्या पोटाशी उशी, हनुवटी छातीला टेकवलेली, आणि मागून यांचा आवाज. भीतीनं ती पाठ ताठ करून बसलेली असायची. ‘कंबर वाकवा, अंग सैल सोडा’ असं म्हटलं की ती आणखी ताठ होई. पण रोवणा म्हटलं की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बाईची पाठ आपोआप गोल होते. लहानपणापासून बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोपं लावलेली असतात तिनं. पाठ गोल झाली की मणके एकमेकांपासून थोडे सुटतात आणि मधली जागा उघडते. यांना तेवढीच जागा हवी असायची.

तुमच्यापैकी कोणाचं सिझर झालं असेल, हर्नियाचं किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन झालं असेल, तर असा एखादा माणूस तुमच्याही पाठीमागे उभा राहून गेला असेल. त्याचा चेहरा तुम्हाला आठवणार नाही. पोट कापणारा डॉक्टर लोकांच्या लक्षात राहतो, त्याला पेढे मिळतात. कमरेत सुई देऊन अर्धं अंग बधिर करणारा मात्र आपली बॅग उचलून पुढच्या गावाला निघून गेलेला असतो.

मी साकोलीला, हायवेपासून थोडं आत असलेल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. ते भंडाऱ्याहून यायचे. आमच्याकडे यायचे, तसे लाखनीला, पवनीलाही जायचे. जुनी पांढरी गाडी, मागच्या सीटवर काळी बॅग, तिच्या शेजारी बायकोनं दिलेला डबा. साठीच्या आसपासचे, बुटके, कपाळ मोठं. गावातले लोक त्यांना बेहोशीवाले डॉक्टर म्हणत. त्यावर ते म्हणायचे, “मी बेहोश कुठं करतो बापा? बाई तर माझ्यासंग गोष्टी करून राहिली.” आणि खरंच, खाली पोटावर काम चाललेलं असताना वर बाई त्यांना माहेरचं गाव, भावाचं लग्न, म्हशीचं दूध असं सगळं सांगत असायची.

पाठीला हात लावण्याआधी ते तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे. थंडी असो की उन्हाळा, हे ठरलेलं. “अनोळखी माणसाचा गार हात पाठीवर पडला की माणूस दचकते,” ते म्हणायचे. मग दोन्ही हात कमरेवर दोन बाजूंनी ठेवायचे. बोटं खुब्याच्या हाडांच्या वरच्या कडेवर, आणि दोन्ही अंगठे मधे पाठीच्या कण्याकडे सरकत यायचे. अंगठे जिथं भेटायचे तिथं ते थांबायचे.

“सिस्टर, हा चौथा मणका,” मी नवीन असताना त्यांनी मला सांगितलं होतं. “कमरेचे पाच. दोन्ही खुब्यांच्या मधून रेघ ओढली की चौथ्यावर येते. याच्या खाली एक जागा, याच्या वर एक जागा. बस. आपली वस्ती एवढीच.”

“अजून वर का नाही?” मी विचारलं.

“वर मज्जारज्जू आहे. मोठ्या माणसात तो पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. तिथून खाली नुसते नसांचे धागे, पाण्यात सोडल्यासारखे. सुई आली का धागा बाजूले सरकते. वर गेलो तर तिथं सरकाले जागा नाही.”

सुई किती आत गेली हे डोळ्यांना दिसत नाही, ते हाताला कळावं लागतं. आधी कातडी, मग चरबी, मग मणक्यांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे, आणि शेवटी एक पिवळा पट्टा. तिथं सुई अडते, मग एकदम सुटल्यासारखी होते, आणि जरा पुढे गेलं की सुईच्या मागच्या टोकातून स्वच्छ पाण्याचा थेंब येतो. नवीन नर्सेसना हे समजावताना ते आमचा हायवेच वापरायचे. “कातडी म्हणजे भंडारा. चरबी म्हणजे लाखनी, तिथं थांबाचं नाही. पिवळा पट्टा म्हणजे साकोलीचा स्पीडब्रेकर. गाडी उडली का समजाचं, पोचलो. मंग ब्रेक. पुढं देवरीले आपलं काही काम नाही.” पोरी हसायच्या, पण विसरायच्या नाहीत.

त्यांचे वडील भंडाऱ्यात हातमागावर विणायचे. घरात माग होता, रात्रंदिवस त्याची खटखट. वडील तुटलेला धागा बोटानं शोधायचे, असं ते सांगत. शेकडो धाग्यांवरून हलकेच हात फिरवायचे आणि बरोबर त्या जागी थांबायचे. “मले काही तो धंदा जमला नाही,” ते म्हणायचे, “पण बोटं तेवढी बाबाची आली.”

कमरेतल्या सुईची लोकांना फार धास्ती. एकदा एक सासू थिएटरच्या दारात आडवीच उभी राहिली. “तुमच्या सुईनं आमच्या मोठ्या सुनंची कंबर जन्माची गेली. हिले ते सुई देऊ नका.”

डॉक्टर बाहेर आले, तिच्याशेजारी बाकावर बसले. “माय, त्या सुनंले लेकरं किती?”

“तीन.”

“पाणी कुठून आणते?”

“बोरिंगवरून.”

“दोन हंडे संगच?”

“हो. मंग काय एकेक आणन?”

“आन धानाचा भारा?”

सासूनं पदर सावरला. “मंग माय, माझ्या सुईलेच कायले बदनाम करून राहिल्या?” असं म्हणून ते हसले. पण तेवढ्यावर सोडलं नाही. सुईच्या जागी दोन-चार दिवस दुखेल, कोणाकोणाचं डोकं धरतं, तसं झालं तर झोपून राहायचं, पाणी भरपूर प्यायचं आणि मला फोन करायचा, हे सगळं त्यांनी त्या बाईला दोनदा सांगितलं आणि कागदावर नंबर लिहून दिला.

पवनीचा एक म्हातारा विणकर हर्नियासाठी आला होता. साठ वर्षं मागावर वाकून बसलेला. त्याला कुशीवर वळून वाकता येत नव्हतं, आणि बसवलं तर पाठ लाकडासारखी. मणक्यांमधले पट्टे कडक झाले होते. शिवाय छातीत दमा, त्यामुळे पूर्ण भूल देणं धोक्याचं होतं. डॉक्टर त्याच्या पाठीशी पंधरा मिनिटं उभे राहिले. बोटं फिरत होती आणि तोंडानं मागाच्या गोष्टी चालल्या होत्या, कोणत्या काठाला किती दिवस लागायचे, पावसाळ्यात सूत कसं चिकटायचं. मधून सुई जाईना, तेव्हा ते बाजूला बोटभर सरकले आणि तिरपी सुई घातली. थेंब आला. “पाठ म्हातारी झाली का दरवाजे बंद होतात सिस्टर,” ते म्हणाले, “मंग खिडकीतून जा लागते.” म्हाताऱ्याला काही कळलं नव्हतं. तो अजून सूत भिजवण्याबद्दलच बोलत होता.

असा हा माणूस. मी तेरा-चौदा वर्षं त्यांचे हात पाहिले. म्हणून पुढचं सांगताना मला जड जातं.

एका सकाळी दोन ऑपरेशनांच्या मधे आम्ही चहा घेत होतो. समोरच्या टपरीवरून काचेच्या ग्लासात येतो तो चहा, इतका गरम की मी पदरानं धरला होता. त्यांनी ग्लास उजव्या हातानं पूर्ण मुठीत धरला आणि बोलत राहिले. अर्धा चहा होईपर्यंत धरून होते. ग्लास खाली ठेवला तेव्हा मधल्या दोन बोटांवर कातडी पांढरी पडून फुगली होती.

“सर, बोट भाजलं तुमचं.”

त्यांनी हात उलटा करून पाहिला. “हो का? गाडीच्या इंजिनले लागलं असंल,” म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, “शुगर पाहा लागते आता. वय झालं.”

शुगर त्यांनी तपासली. ती नॉर्मल निघाली. मला त्यांनी तसं सांगितलंही, पण आनंदानं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला शिकवायला घेतलं. “सिस्टर, या इकडं. तुम्ही पाहा बरं जागा कुठं लागते.” मी पाठीवर हात ठेवायची, अंगठे मधे आणायची, सांगायची, “ही चौथ्याच्या वरची.” ते म्हणायचे, “नखानं खूण करा.” मग ते औषधानं पाठ पुसून, हातमोजे घालून, माझ्या नखाच्या खुणेवर सुई द्यायचे. मला केवढा अभिमान वाटायचा. इतक्या वर्षांनी सरांना वाटलं की आपल्याला हे यावं. घरी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. ते मला शिकवत नव्हते, माझ्या बोटांनी काम चालवत होते, हे मला तेव्हा समजलं नाही. त्यांना तरी ते कितपत मान्य होतं कोण जाणे. माणूस स्वतःपासूनही लपवतो.

मग मे महिना आला. साकोलीचा मे तुम्हाला माहीत असेल. लाइट गेली होती, जनरेटरवर फक्त थिएटरचे दिवे चालू होते. ऑपरेशनआधी ते कोपरापर्यंत हात धूत होते, धुऊन वर धरून उभे होते. थोड्या वेळात आम्हा सगळ्यांच्या हातांवर घाम फुटला. त्यांच्याही. फक्त उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, तळहाताएवढी एक जागा कोरडी होती. रंग थोडा फिकट. तिच्यावर केसही नव्हते.

मला ते लगेच कळलं. कळायचं कारण असं की माझी आई अड्याळला आशा सेविका आहे. नर्सिंगला जायच्या आधी मी तिच्यासोबत घरोघर फिरले आहे, कुष्ठरोगाचे चट्टे शोधायला. न दुखणारा, न खाजणारा, घाम न येणारा चट्टा. कितीतरी लोकांच्या पाठीवर, दंडावर मी तो पाहिला होता. आमच्या या भागात तो अजून निघतो. औषधानं पूर्ण बरा होतो, हे आई दारोदार सांगते आणि लोक दार लावून घेतात.

डॉक्टरांना काय सांगायचं? मी सिस्टर. ज्यांनी मला चौथा मणका दाखवला त्यांना मी त्यांचंच कोपर दाखवू? उद्या सांगू, असं म्हणत मी दोन महिने काढले. ते मला माफ करण्यासारखं वाटत नाही, आजही.

मग जुलैत सिझरसाठी एक मुलगी आली, कोंढ्याजवळच्या गावातली. नवरा तलावात मासे धरायचा, घरची सगळीच मासेमारीवर. पहिलं बाळंतपण, मूल पायाळू, म्हणून मॅडमनी सिझरचा दिवस ठरवून दिला होता. मॅडम म्हणजे आमच्या दवाखान्याच्या मालकीण, स्वतः बाळंतपणाच्या डॉक्टर. त्या दिवशी लागोपाठ ऑपरेशनं होती आणि मी आतल्या खोलीत हत्यारं मोजत होते. डॉक्टरांनी मला हाक मारली नाही. कदाचित मारायची लाज वाटली असेल.

थिएटरमधून मुलीचा आवाज आला, “आई वं.” मी धावले. तिचा डावा पाय टेबलावरून उडाला होता. “पायातून करंट गेला,” ती म्हणत होती. “करंट गेला वं पायातून.”

डॉक्टरांनी सुई त्याच क्षणी बाहेर काढली होती. औषध आत गेलं नव्हतं. ते सुई हातात धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा मास्कमागेही मला दिसला.

“सिस्टर, या इकडं.”

मी हातमोजे घातले. मुलीच्या पाठीवर रक्ताचा एक बारीक ठिपका होता. मी खुब्यांवरून रेघ घेतली, वर मोजत गेले.

“किती?” त्यांनी विचारलं.

“दोन जागा वर.”

“नक्की?”

“नक्की, सर.”

मॅडम पलीकडे हात धुऊन उभ्या होत्या. डॉक्टर मुलीच्या कानाशी वाकले. “बेटा, माझी चूक झाली. पाय हालव बरं. हा. आता दुसरा. आता पुन्हा एक डाव सुई देतो, खालच्या जागेवर. तू म्हणशील तरच.”

मुलगी म्हणाली, “द्या.”

“सिस्टर, तुमचं बोट तिथंच ठेवा. उचलू नका.” माझ्या बोटाच्या कडेनं त्यांनी सुई दिली. पाण्याचा थेंब आला. थोड्या वेळात मुलीचे पाय जड झाले, मॅडमनी काम सुरू केलं आणि तिला मुलगी झाली. चांगली रडली.

त्या दिवशी पुढच्या गावाला ते गेले नाहीत, फोन करून दुसऱ्याला पाठवलं. वॉर्डात बाळंतिणीच्या पायांशी स्टूल घेऊन बसले. सुईचा असर उतरायला तीन-चार तास लागतात. दर थोड्या वेळानं ते म्हणत, “अंगठा हालव.” ती म्हणे, “नाई हालत.” तिचा नवरा दाराशी उभा होता. त्याला त्यांनी जवळ बोलावून सांगितलं, “मी सुई नको तिथं दिली होती. लगेच काढली. काही होणार नाही असं मले वाटते, पण पायात ताकद येईपर्यंत मी इथून हलत नाही.” नवऱ्यानं पाण्याची बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

दुपारी उजवा अंगठा हलला. डावा हलेना. आणखी तासभर गेला. मग मुलगीच म्हणाली, “पाहा बरं, हालला का?” हलला होता. त्यांनी तिच्याकडून दोन्ही पाय वर उचलवून घेतले, गुडघे वाकवून घेतले. मग उठले आणि वॉर्डाबाहेर पडले.

मी त्यांच्यामागून कपडे बदलायच्या खोलीत गेले. ते बाकावर बसले होते.

“सर, कोपर दाखवा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाही वर केली. मी पेनाच्या टोकानं चट्ट्यावर टोचलं. “टोचलं?” “नाही.” कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत एक नस असते. तिथं बोट फिरवलं. नस सुतळीसारखी जाड झाली होती, बोटाखाली सरकत होती. मी काही म्हणायची गरज नव्हती. ते डॉक्टर होते.

त्यांनी दुसरा हात पुढे केला. “हा पण पाहा.”

तो बरा होता.

“तुम्हाले कधीपासून माहीत?”

“मे महिन्यापासून.”

“बोलल्या काहून नाही?”

मी रडायला लागले, तर तेच उठून मला पाणी देऊ लागले. “मी तर त्याच्याही आधीपासून बोलत नव्हतो,” ते म्हणाले. “चला, उद्या सरकारी दवाखान्यात जातो. गोळ्या तिथंच भेटतात.”

गोळ्या बारा महिन्यांच्या. रोग जातो, पण मेलेली नस परत येईल याचा भरवसा नसतो. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. त्यांनी पुन्हा सुई हातात धरली नाही.

त्यांच्या बायको शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, लोकांना शुगर सांगा, शुगरनंही बोटं बधिर होतात. त्यांनी ऐकलं नाही. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन रोगाचं नाव घेऊन सांगितलं. मॅडम चांगल्या बाई, त्यांनाही धक्का बसला. “सर, हे बाहेर कळलं तर पेशंट येणार नाहीत हो,” एवढं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनाच वाईट वाटलं.

आमच्याकडच्या आयामावशीनं त्यांचा ग्लास वेगळा काढून खिडकीत ठेवला. त्यांनी पाहिलं. स्वतः जाऊन तो ग्लास घेतला, स्वतः धुतला. “मावशी, गोळी सुरू झाली का तो दुसऱ्याले लागत नाही. तुमच्या सर्दीपेक्षा मी बरा.” मावशीला त्या दिवशी खरंच सर्दी होती. ती ओशाळली, पण दुसऱ्या दिवशी ग्लास पुन्हा खिडकीतच होता.

नागपूरहून एक तरुण डॉक्टरीण येऊ लागली. हुशार, हलक्या हाताची. मॅडमनी यांना विनंती केली, काही दिवस सोबत या, तिला आपल्या भागातल्या पाठी माहीत नाहीत. ते आले. पण आता ते समोर उभे राहायचे. बाईचे खांदे धरायचे, तिचं कपाळ आपल्या छातीला टेकू द्यायचे आणि तेच रोवण्याचं वाक्य सांगायचे. मागे नवी डॉक्टरीण जागा शोधायची. वॉर्डात गेल्यावर बाया मला विचारत, “ते समोरचे बाबा कोण होते वं?” इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं.

हे तीन महिने चाललं. मग एका पेशंटच्या भावाला कुठून तरी कळलं. तो काउंटरवर येऊन म्हणाला, “त्यायले आमच्या बाईले हात लावू देऊ नका.” हळूच म्हणाला, पण ते तिथंच डबा घेऊन उभे होते. मॅडमना काही बोलावं लागू नये म्हणून त्यांनी आपणच पाय उचलला. “मॅडम, मी येतो,” म्हणाले. पायऱ्या उतरताना त्यांनी मला विचारलं, “तुमची आई अजून घरोघर फिरते ना?”

पुढचं वर्षभर ते भंडाऱ्याहून एसटीनं अड्याळला जायचे. गाडी चालवणं सोडलं होतं, गिअर हाताला नीट लागत नव्हता. आई चट्टे शोधायला निघाली की हे सोबत, हातात छत्री. आई आधी संकोचली होती, एवढा मोठा डॉक्टर आपल्यामागे फिरणार म्हणून. नंतर तीच त्यांच्यावर रागावू लागली, “साहेब, वेळेवर जेवत जा.” लोकांच्या ओसरीवर बसून ते बाही वर करायचे आणि म्हणायचे, “हा पाहा. असा असते. दुखत नाही, म्हणूनच दाखवाचा.”

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले होते तो एक दिवस मला नीट आठवतो. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उतारावर, मासे विकणारी एक बाई राहायची. आईला तिचा संशय होता, पण ती हात दाखवायची नाही. टोपली सावरत म्हणायची, काही नाही, भाजलं होतं. त्या दिवशी हे तिच्या दारात बसले आणि आपला हात दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

“तुमच्या बायकोनं टाकलं नाई तुमाले?” तिनं विचारलं.

“नाही. रागावते खूप. टाकलं नाही.”

“आन पोरं?”

“पोरगी पुण्याले आहे. फोन करते रोज. पहिले आठवड्यातून एक डाव करे.”

बाई हसली. मग इकडे तिकडे पाहून तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. मनगटाच्या वर रुपयाएवढा चट्टा होता. नस अजून बरी होती. “लवकर दाखवला,” ते म्हणाले. “तुझा हात वाचला.” तिच्या गोळ्या त्याच आठवड्यात सुरू झाल्या.

ते त्या वर्षीच्या थंडीत गेले. सकाळी आंघोळीला उठले आणि छातीत कळ आली. मी भंडाऱ्याला पोचले तोपर्यंत घाटावरून माणसं परतली होती. त्यांच्या बायको ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीनं आणलेला चहा माझ्यापुढे केला आणि म्हणाल्या, “तुमचं नाव घ्यायचे नेहमी.”

महिनाभरानं मी आईकडे गेले होते. ती मासे विकणारी बाई दारात आली. गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं होतं. तिला हात डॉक्टरांनाच दाखवायचा होता. ते गेले, असं मी सांगितलं. ती पायरीवर बसली. मग बांगड्या वर सारून हात माझ्यापुढे केला. “मंग तुमीच पाहा.”

मी आईच्या पेटीतून कापूस घेतला. “डोळे मिटा,” म्हटलं. “मी कुठं लावलं ते बोटानं दाखवा.” चट्ट्याच्या कडेला कापूस हलकेच टेकवला.

“इथं,” ती म्हणाली.

जरा आत टेकवला.

“इथं.”

मधोमध टेकवला आणि थांबले. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, ओठ मुडपले. मग दुसऱ्या हाताचं बोट हळूहळू आणून बरोबर त्या जागेवर ठेवलं.

“इथं बी,” ती म्हणाली.